निवृत्तीनंतरची सकाळ

नोकरदार माणसाच्या निवृत्तीची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. अठ्ठावन्न किंवा साठ वर्षे पूर्ण झाली की कचेरीत छोटासा समारंभ होतो, शाल-श्रीफळ दिले जाते, दोन सहकारी भाषणे करतात आणि भविष्यनिर्वाह निधीचे कागद हाती पडतात. 'निवृत्ती' या शब्दालाच आपल्या परंपरेत एक शांत अर्थ आहे. प्रवृत्तीचे सोपस्कार उरकल्यावर यावी अशी ती अवस्था. फुटबॉलपटूला मात्र ती तिशी-पस्तिशीत गाठते. बऱ्याचदा शाळा अर्धवट सुटलेली, दुसरे कसलेही काम हाताला ठाऊक नाही, गुडघे झिजलेले आणि पुढे निम्मे आयुष्य पडलेले. त्या आयुष्यात 'मी कोण' या प्रश्नाचे काय होते, हे पाहण्यासाठी दोन थोर खेळाडूंची उत्तरायुष्ये आम्ही येथे शेजारी शेजारी ठेवत आहोत. एक ब्राझीलचा गारिंचा आणि दुसरा जर्मनीचा गेर्ड म्युलर.

दोघेही कापडगिरणीतून आलेले. मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस ऊर्फ गारिंचा १९३३ साली रिओजवळच्या पाउ ग्रांदे या गिरणीगावात जन्मला आणि मिसरूड फुटण्याआधीच तेथल्या गिरणीत कामाला लागला. पाय वाकडे, पण त्या पायांनी त्याने बचावपटूंना असे काही चकवले की १९५८ आणि १९६२ असे दोन विश्वचषक ब्राझीलकडे आले. १९६२ मध्ये तर पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाल्यावर संघाचा सारा भार गारिंचाने वाहिला. पेले आणि गारिंचा एकत्र खेळत असताना ब्राझील एकदाही हरला नाही.

उतरण लवकर लागली. दुखऱ्या गुडघ्यानिशी तो खेळत राहिला, १९६४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, पण जुनी गती परत आली नाही. १९६६ च्या विश्वचषकात हंगेरीकडून झालेला पराभव हा त्याचा देशासाठीचा अखेरचा सामना. त्याच वर्षी बोटाफोगो सुटले आणि मग एकामागून एक क्लब. मद्याची सवय जुनीच होती, ती आता आजार बनली. १९६९ मध्ये तो चालवत असलेल्या मोटारीला अपघात झाला, आणि त्याची जोडीदार, गायिका एल्झा सोआरेस, हिची आई त्यात दगावली. या घटनेने तो पार खचला.

१९ डिसेंबर १९७३ रोजी माराकाना मैदानावर त्याच्यासाठी निरोपाचा सामना झाला. सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षक जमले होते. चाळिशीतला गारिंचा थोडा वेळ खेळला, मैदानाला फेरी मारून त्याने टाळ्या घेतल्या आणि तो आत गेला. एवढा मोठा निरोपसमारंभ क्वचितच कोणा खेळाडूच्या वाट्याला आला असेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कोठे जावे, याचे उत्तर त्या समारंभात नव्हते.

पुढची वर्षे इस्पितळाच्या वाऱ्यांत गेली. १९८० च्या रिओच्या कार्निव्हलमध्ये मांगेरा या सांबा-संस्थेने त्याच्या सन्मानार्थ त्याला चित्ररथावर बसवले. सुजलेल्या चेहऱ्याचा, जेमतेम हात हलवणारा तो माणूस पाहून लोक हळहळले. २० जानेवारी १९८३ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, मद्यपानाने झालेल्या विकारातच तो गेला. त्याचे पार्थिव माराकानावर ठेवण्यात आले तेव्हा पुन्हा अलोट गर्दी लोटली. राजधानी ब्राझिलियातले भव्य मैदान आज त्याचे नाव मिरवते. २०१७ मध्ये मात्र त्याच्या अस्थी दफनभूमीत नेमक्या कोठे आहेत हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही, अशी बातमी आली.

म्युलरची गोष्ट सुरुवातीला वेगळी वाटत नाही. नॉर्डलिंगेन या लहान गावातला हा पोरगा विणकाम शिकला होता. बायर्न म्युनिककडून खेळताना बुंडेसलिगाच्या ४२७ सामन्यांत त्याने ३६५ गोल केले. १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला विजयी गोलही त्याचाच. म्युलर नसता तर आमचा क्लब अजून लाकडी खोपटातच असता, अशा अर्थाचे उद्गार बेकेनबाउर काढीत. त्या म्युलरला १९७९ मध्ये प्रशिक्षक चेर्नाई यांनी चालू सामन्यातून बाहेर काढले. मान दुखावलेला म्युलर अमेरिकेत फ्लोरिडाला गेला, तेथे आणखी काही हंगाम खेळला, एक उपाहारगृह चालवून पाहिले आणि परतला. जर्मनीत करण्यासारखे काही नव्हते. दिवस मोकळा आणि बाटली जवळ, अशी अवस्था झाली.

१९९१ मध्ये जुना सहकारी उली होनेस याने पुढाकार घेऊन त्याला व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी दाखल केले. उपचार संपल्यावर बायर्नने त्याला नोकरी दिली, आणि पुढे क्लबच्या दुसऱ्या संघाचा सहप्रशिक्षक म्हणून त्याने कित्येक वर्षे काम केले. फिलिप लाम, श्वाइनश्टायगर, थॉमस म्युलर ही मुले त्याच्या नजरेखालून गेली. २०१५ मध्ये त्याला अल्झायमर झाल्याचे क्लबने जाहीर केले आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये तो वारला.

या दोन आयुष्यांवरून सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह आम्ही टाळू इच्छितो. व्यसन हा आजार आहे, आणि गारिंचाच्या बाबतीत तो निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून होता. एल्झाने त्याला सावरण्यासाठी जिवाचे रान केले, तेही पुरले नाही. फिफप्रो या फुटबॉलपटूंच्या जागतिक संघटनेने २०१५ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. तीत नैराश्याची वा चिंतेची लक्षणे ६०७ खेळत्या खेळाडूंपैकी ३८ टक्क्यांनी, तर २१९ निवृत्तांपैकी ३५ टक्क्यांनी सांगितली होती. म्हणजे दुखणे निवृत्तीच्या दिवशी जन्मते असे नव्हे. खेळत असताना सराव, सामने आणि टाळ्या यांच्या आड ते झाकून राहते, आणि आडोसा निघाला की उघडे पडते. तीन किंवा अधिक गंभीर दुखापती झालेल्यांत हे प्रमाण बरेच जास्त आढळले. झिजलेला गुडघा आणि खचलेले मन यांची फारकत करता येत नाही, हे गारिंचाकडे पाहून कळायला हवे होते.

तरी एक फरक उरतोच. गारिंचाला निवृत्तीनंतर जे जे देऊ केले गेले, त्यात त्याने गारिंचा म्हणून दिसणे एवढेच अपेक्षित होते. निरोपाचा सामना असो की चित्ररथ, लोकांना त्यांची आठवण पाहायची होती. आठवणीच्या आतला माणूस आजारी होता. म्युलरला दिलेले काम दिसायला लहान होते. सकाळी मैदानावर जायचे आणि गोलसमोर कसे वळायचे ते पोरांना दाखवायचे. पण त्या कामात त्याने विश्वविजेता म्हणून उभे राहण्याची गरज नव्हती. त्याला येत असलेली गोष्ट कोणाला तरी हवी होती, आणि तो वेळेवर आला नाही तर कोणाच्या तरी लक्षात आले असते.

क्लबच्या करारपत्रात गोल, सामने आणि पैसा यांची कलमे असतात. अखेरच्या सामन्यानंतरच्या सकाळचे कलम असावे असे म्हणणे भाबडेपणाचे वाटेल. पण म्युलरच्या बाबतीत ते कलम मित्रांनी स्वतःहून पाळले, तेही जवळजवळ दशकभर उशिराने, आणि तेवढ्यानेही एका माणसाला आणखी दोन दशकांहून अधिक कामाचे आयुष्य लाभले. ज्यांना होनेससारखा मित्र नाही, त्यांचे काय, हा प्रश्न मात्र आम्हांला सुटलेला नाही.