धावायला कोण शिकवतं?

मूल वर्षा-सव्वा वर्षाचं झालं की चालू लागतं आणि दोन वर्षांचं झालं की घरभर पळतं. त्यासाठी त्याला कुणी शिकवणी लावत नाही. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांची पक्की समजूत असते, की धावणं, उडी मारणं, फेकणं, झेलणं या गोष्टी ज्याच्या त्याला आपोआप येतात. अक्षरं गिरवावी लागतात, पाढे घोकावे लागतात. शरीराला मात्र काही शिकवावं लागत नाही. शाळेत खेळाच्या तासाला एक चेंडू दिला आणि मुलांना मैदानावर सोडलं की झालं, असं आपण धरून चालतो.

पण चौथी-पाचवीच्या मुलांना ओळीनं उभं करून चेंडू लांब फेकायला सांगा. काही मुलं उजव्या हातानं फेकताना उजवाच पाय पुढे टाकतात. अंग वळत नाही, सगळा जोर कोपरावर येतो आणि चेंडू चार पावलांवर पडतो. बाकीची मुलं हसतात. त्या मुलाच्या अंगात ताकद नसते असं नाही. डावा पाय पुढे टाकायचा, मग कंबर वळते, मग खांदा, मग कोपर आणि शेवटी मनगट, हा क्रम त्याला कधी मिळालेलाच नसतो. मुलांच्या हालचालींचा अभ्यास करणारे आज एकमतानं सांगतात, की वय वाढलं म्हणून ही कौशल्यं पक्की होत नाहीत. ती दाखवावी लागतात आणि सरावानं बसवावी लागतात. अशा मूलभूत हालचालींचे ढोबळमानानं तीन गट मानतात. जागा बदलण्याच्या हालचाली, म्हणजे धावणं, उडी, लंगडी. तोल सांभाळण्याच्या हालचाली, म्हणजे वळणं, वाकणं, थांबणं. आणि वस्तू हाताळण्याच्या हालचाली, म्हणजे फेकणं, झेलणं, टोलवणं. कुठलाही खेळ घ्या, तो याच गोष्टींच्या जुळणीतून उभा राहिलेला दिसेल.

मग या गोष्टी मुलाला कुणी शिकवायच्या, आणि कशा? या प्रश्नाला दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

सुरुवात आखाड्यापासून करू. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या नव्यानं उभी केली, असं परंपरा सांगते. कुस्तीगिराला सरावासाठी जोडीदार लागतो. हा लाकडी जोडीदार थकत नाही आणि त्याला दुखापतही होत नाही. पण मल्लखांबातली खरी शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यातला क्रम. नवा मुलगा आला की उस्ताद त्याला थेट वर चढवून ताजवा करायला सांगत नाही. आधी साधी अढी. हातांनी खांब धरायचा, पाय वर फेकायचे, मांड्यांत खांब पकडायचा आणि सुखरूप खाली उतरायचं. ती पक्की झाली की पुढची अढी, मग तेढी, मग बगली, फिरकी, वेल. प्रत्येक हालचालीला नाव आहे, प्रत्येकीची पायरी ठरलेली आहे. शरीराचं शिक्षण पायरीपायरीनं द्यायचं असतं, हे आखाड्याला नीट ठाऊक होतं. मर्यादा एवढीच, की आखाड्यात जायचा तो हौशी मुलगा. लाजरा, किडकिडीत, घाबरट पोर त्या लाल मातीकडे फिरकतही नसे. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. त्यांच्या वाट्याला फुगडी, झिम्मा आणि मंगळागौर. त्यातही तोल, गिरकी आणि ताल यांचं केवढं शिक्षण होतं. पण त्याला शिक्षण म्हणण्याची कुणाची तयारी नव्हती.

प्रत्येक मुलापर्यंत पोचण्याचा विचार शाळेनं केला, तो दुसऱ्या वाटेनं. १८१३ साली स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी स्टॉकहोमला व्यायामाची मध्यवर्ती संस्था काढली. शरीराच्या हालचालीचे लहान लहान भाग करायचे आणि हुकमाबरहुकूम ते सगळ्यांनी एकदम करायचे, ही त्यांची पद्धत युरोपभर गेली. इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्यानंतर सरकारी मदतीच्या शाळा झपाट्यानं वाढल्या. लहानशा अंगणात साठ-सत्तर मुलं, साहित्य काही नाही, शिक्षक एक. अशा वेळी कवायत फार सोयीची. ती शिकवायला अनेकदा लष्करातून निवृत्त झालेले सार्जंट येत. १९०९ च्या तिथल्या सरकारी अभ्यासक्रमावरही लिंग यांच्या पद्धतीचाच ठसा होता. तीच कवायत इंग्रजी अमलाबरोबर आपल्या शाळांत आली आणि तिच्याबरोबर ड्रिल मास्तरही आले. कवायत हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थच नियम असा.

कवायतीला नावं ठेवणं आज सोपं आहे. पण एक गोष्ट तिनं केली, ती आखाड्यानं केली नव्हती. तिनं वर्गातल्या प्रत्येक मुलाला उभं केलं. हुशार असो की मठ्ठ, धट्टाकट्टा असो की अशक्त, हात सगळ्यांनाच वर करावा लागे. उणीव दुसरीकडे होती. तो हात कशासाठी वर जातो आहे, हे मुलाला कळत नव्हतं. समोर झेलायला चेंडू नाही, चुकवायला गडी नाही, ओलांडायला ओढा नाही. हालचाल होती, पण तिचा उपयोग नव्हता.

ही उणीव भरून निघू शकली असती, ती आपल्या गल्लीतल्या आणि गावठाणातल्या खेळांनी. लगोरीत नेम धरून फेकणं आलं, विटीदांडूत उडत्या विटीला टोला मारणं आलं, लंगडीत एका पायावर तोल राखून दिशा बदलणं आलं, सूरपारंब्यात चढणं आणि उडी मारणं आलं, आट्यापाट्यांत हूल देणं आलं. पण हे खेळ गावोगाव वेगळे. नियम तोंडी, मैदानाचं माप नाही, गड्यांची संख्या येतील तेवढी. शाळेत शिकवायचं तर त्यांना शिस्त लावणं भाग होतं.

ते काम इथल्या माणसांनी केलं. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम ठरवण्यासाठी समिती नेमली. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानं हुतुतूचे नियम प्रसिद्ध केले. आपण या घटनांकडे स्पर्धांची सुरुवात म्हणून पाहतो. माझ्या मते त्यांचं महत्त्व त्याहून मोठं आहे. मैदान आखलं गेलं, अंतरं ठरली, तेव्हा खेळातली हालचाल वेगळी काढून दाखवता येऊ लागली आणि शिक्षकाला ती शिकवता येऊ लागली.

खो-खोचंच पाहा. मधल्या पाटीवर आठ गडी आळीपाळीनं विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. नववा पाठलाग करतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही. या दोन-तीन नियमांतून केवढा अभ्यास तयार होतो! बसायचं कसं, तर खो मिळताच पहिल्याच पावलाला वेग पकडता येईल असं. खांबाशी वळायचं कसं, तर एका हातानं खांब धरून, अंग आत झुकवून. पळणाऱ्यानं काय करायचं, तर डोळा पाठलाग करणाऱ्यावर ठेवून पावलं लहान करायची आणि अचानक अंग काढून घ्यायचं. यातलं प्रत्येक कौशल्य सुटं काढून पाच-दहा मिनिटं घोटून घेता येतं आणि लगेच खेळात वापरून पाहता येतं. आखाड्याची पायरी आणि कवायतीची सर्वांना सामावून घेण्याची वृत्ती, दोन्ही इथे एकत्र येऊ शकत होत्या. साहित्यावर खर्च तर जवळजवळ शून्य.

नियम झाले, पण शिकवणार कोण? तिकडे मद्रासला एच. सी. बक यांनी १९२० साली वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय सुरू केलं होतं. इकडे अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ कार्यकर्ते तयार करत होतं. याच मंडळाच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. बडोद्याच्या माणिकरावांच्या तालमीत तयार झालेले स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात लोकनियुक्त सरकार आल्यावर शालेय व्यायामाचा विचार सुरू झाला, त्यातही त्यांचा मोठा वाटा होता. पाठोपाठ १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली. जसा गणिताला प्रशिक्षित शिक्षक लागतो तसाच तो शरीराच्या शिक्षणालाही लागतो, हे सरकारनं मान्य केलं, असा या घटनेचा अर्थ आहे.

यापुढचा इतिहास मात्र थोडा खट्टू करणारा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडनं आपली वाट बदलली. १९३८ साली तिथे आश्रयाला आलेले नृत्यशिक्षक रुडॉल्फ लाबान यांच्या विचारांचा तिथल्या शाळांवर प्रभाव पडला. वजन, अवकाश, वेळ आणि ओघ या चार अंगांनी ते हालचालीकडे पाहत. १९५२ आणि १९५३ साली तिथल्या शिक्षण खात्यानं दोन नवी पुस्तकं काढून १९३३ चा जुना अभ्यासक्रम बाजूला ठेवला. आता शिक्षक हुकूम देण्याऐवजी प्रश्न विचारू लागले. हे बाक किती तऱ्हांनी ओलांडता येईल? आवाज न करता उडी कशी घेता येईल? मूल स्वतः करून पाहत उत्तर शोधू लागलं.

त्याच सुमाराला, १९५४ मध्ये, आपल्याकडे जनरल जगन्नाथराव भोसले यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. आझाद हिंद सेनेतला हा मराठी सेनानी. फाळणीत घरदार गमावलेल्या मुलांना उभारी देण्याची त्यांची तळमळ खरी होती आणि त्या वेळची गरजही तीच होती. पण योजनेचा कणा पुन्हा कवायत आणि शिस्त हाच राहिला. १९५९-६० मध्ये राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम आली. धावण्या-उड्यांच्या चाचण्या, ठरलेले निकष. अलीकडच्या काळात खेलो इंडियाच्या चाचण्यांत लहान मुलांचा एका पायावरचा तोल तपासतात, मोठ्यांची ५० मीटर आणि ६०० मीटर धाव मोजतात. मोजमाप हवंच. पण मोजणं आणि शिकवणं यांत फरक आहे. पोराचं वजन रोज काट्यावर केलं म्हणून ते वाढत नाही. त्याला जेवूही घालावं लागतं.

आज काय दिसतं? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. १९१४ च्या त्या समितीला धन्य वाटावं असाच हा दिवस. पण अनेक शाळांत खेळाच्या तासाची हकीकत वेगळी असते. परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला जातो. उरलेल्या दिवसांत संघातली दहा-बारा मुलं सराव करतात आणि चाळीस-पन्नास मुलं कडेला बसून पाहतात. त्या कडेच्या मुलांना पाचवी-सहावीतच कळून चुकतं, की आपण खेळात कच्चे आहोत. वाचन कच्चं असलेल्या मुलाला आपण जादा तास देतो. झेलता न येणाऱ्या मुलाला मात्र आपण गुण मोजायला बसवतो. तो मुलगा पुढे आयुष्यभर मैदानापासून दूर राहतो, आणि चाळिशीत डॉक्टरांनी चालायला सांगितलं की त्याला तीही शिक्षा वाटते. जे चाललं आहे त्याची खरी किंमत ही आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं अभ्यास आणि खेळ यांच्यातली भिंत काढून टाकण्याची भाषा केली आहे. ती भिंत पाडायला फार पैसा लागत नाही. तासाची पहिली पंधरा मिनिटं सगळ्या वर्गानं एकच हालचाल घोटावी. एका आठवड्यात झेलणं, दुसऱ्या आठवड्यात उडी मारून गुडघे वाकवून अलगद उतरणं, तिसऱ्यात धावताना एकदम थांबून दिशा बदलणं. उरलेल्या वेळात तीच हालचाल लागेल असा खेळ खेळावा. झेलण्याच्या आठवड्यात लहान लहान गट करावेत, म्हणजे चेंडू प्रत्येकाच्या हाती येईल. लंगडी आधी आणि खो-खो नंतर, हा जुन्या शिक्षकांचा क्रम याच शहाणपणातून आला होता.

आणि पालकांनीही पालकसभेत एक प्रश्न विचारावा. यंदा शाळेला किती ढाली मिळाल्या, हे आपण विचारतोच. त्याच्या जोडीला हेही विचारा, की वर्गातल्या किती मुलांना दोन्ही हातांनी चेंडू झेलता येतो. उत्तर देण्यासाठी शिक्षकांना एकदा सगळ्या मुलांकडे पाहावं लागेल. कडेला बसलेल्या मुलाला मैदानात यायला तेवढंही पुरेसं होईल.