धर्मशिक्षण : पाठ आणि आचरण

शालेय शिक्षणाबरोबर मुलांवर धर्माचे व नीतीचे संस्कार व्हावेत, या हेतूने आपल्या समाजात वसतिगृहांची परंपरा सुरू झाली. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ मध्ये कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग स्थापन झाले. कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील याच बोर्डिंगचे विद्यार्थी. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास ते गेले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

जेथे अहिंसेचे पाठ दिले जात, तेथेच माणसाचा विटाळ का मानावा, हा प्रश्न त्यांच्या नकारात होता. उत्तरही त्यांनीच दिले. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. तेथे मुले एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत.

आपल्या पाठशाळांत आपण सम्यक् दर्शन, ज्ञान व चारित्र शिकवितो. त्यांतील चारित्र पाठांतराने येत नाही. हायस्कुलातील एखादा मुलगा अवघड प्रश्न विचारील, तेव्हा त्याला गप्प न करता जवळ बसवून घ्यावे, हाच या इतिहासाचा बोध होय.