लोणच्याच्या मुळाची दूरची सफर

गुजराती शेजार ज्यांना लाभला आहे, त्यांनी गरमरचे लोणचे एकदा तरी चाखले असेलच. ही मुळे ज्या झुडपाची, त्याचे शास्त्रीय नाव कोलियस फोर्स्कोलाय. परदेशी कंपन्यांच्या संशोधनाची हकीकत आम्ही लोणच्याच्या बरणीपासून सुरू करीत आहो, म्हणून वाचकांनी हसू नये. ती सुरू होते ती या मुळांपासूनच.

फ्रँकफर्टच्या हेक्स्ट या औषध कंपनीने १९७२ साली मुंबईत मुलुंड येथे संशोधन केंद्र उभारले. अशा केंद्रांविषयी एक शंका नेहमीच असते: डोके तिकडचे, हात तेवढे इकडचे. मुलुंडच्या मंडळींनी आपल्याकडील औषधी वनस्पती तपासायला घेतल्या. कोलियसच्या मुळांच्या अर्काने प्राण्यांचा रक्तदाब उतरतो, असे त्यांना आढळले. पण अर्कातले नेमके द्रव्य वेगळे काढणे आणि त्याच्या रेणूची बांधणी ठरविणे हे किचकट काम. १९७७ साली यावरचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यावर भट, बाजवा, डिसूझा यांच्या पंक्तीला डोर्नाउअर आणि फेलहाबर बसलेले दिसतात. द्रव्याचे नाव पडले फोर्स्कोलिन.

गंमत पाहा, लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्थाही याच मुळांच्या मागे होती. तिने आपल्या द्रव्याला कोलिओनॉल म्हटले. दोहोंच्या रचनेत एका जागी फरक आहे असा समज काही काळ होता. पुढे दोन्ही एकच ठरली. मुंबई आणि फ्रँकफर्ट यांचे जितक्या लवकर जुळले, तितक्या लवकर मुंबई आणि लखनौ यांचे जुळले नाही, याचे आम्हांस वाईट वाटते.

खरी किल्ली मात्र तिसऱ्याच ठिकाणी सापडली. शरीरातील संप्रेरक पेशीच्या दारावर थाप मारते, तेव्हा आतले एक विकर जागे होऊन निरोप पुढे धाडते. फोर्स्कोलिन दाराशी न थांबता थेट त्या विकरालाच जागे करते, हे १९८१ साली अमेरिकेत बेथेस्डा येथे सीमन, पॅजेट व डेली यांनी दाखविले. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत या द्रव्याची कुपी असते.

औषध म्हणून त्याची वाट सोपी नव्हती. ते पाण्यात नीट विरघळत नाही. मग शिरेतून द्यायचे कसे? विरघळणारे रूप बनविले जपानच्या निप्पॉन कायाकू कंपनीने, आणि १९९९ साली ते तेथे हृदयरोग्यांसाठी मान्य झाले. त्याच वर्षी हेक्स्ट फ्रेंच रोन-पूलांकशी एक होऊन आव्हेंटिस झाली. मुलुंडचे केंद्र त्याआधी वर्षभर, १९९८ सालीच, निकोलस पिरामल या भारतीय कंपनीने विकत घेतले होते.