सौद्याची मराठी

'तुम्ही मुसलमान असून मराठी इतकी चांगली कशी बोलता?' हा प्रश्न मराठवाड्यातल्या आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेला आहे. विचारणारा कौतुकाने विचारतो, म्हणून आपण हसून वेळ मारून नेतो. खरे उत्तर साधे आहे. ही मराठी आम्हाला शाळेच्याही आधी किराणा दुकानाने शिकवली.

हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या आमच्या घरांत किराणा आणणे म्हणजे 'सौदा लाना'. अम्मी दखनीत यादी सांगायची: राई, चिरोंजी, इमली, खोपरा, शक्कर. गल्ली ओलांडेपर्यंत त्या यादीचे मराठी व्हायचे: मोहरी, चारोळी, चिंच, खोबरे, साखर. चूक झाली तरी दुकानदार मारत नसे. तो हसून बरोबर शब्द सांगे आणि सामानावर वरून गुळाचा खडा हातात ठेवी. अशी शाळा कोणाला नकोशी होईल? जिरे-धणे बांधून दिलेली पुडी मराठी वर्तमानपत्राच्या कागदाची असे. उर्दू शाळेत जाणाऱ्या आमच्यातल्या कित्येकांनी मराठी अक्षरे लावून वाचली ती या पुडीवर. बातमी मात्र नेमकी फाटलेल्या जागी तुटायची.

ही शाळा जुनी आहे. हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. जिथे फौज तिथे बाजार आलाच. 'रिसाला बाजार', 'पलटन' ही वस्त्यांची नावे त्या काळाची आठवण अजून सांगतात. १९०३ साली ती फौज इंग्रजी सैन्यात विलीन झाली, पण बाजार मागे राहिला. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. पण मीठ-मिरचीचा व्यवहार फर्मानाने चालत नाही. तो गिऱ्हाइकाच्या भाषेत चालतो, आणि इथले गिऱ्हाईक मराठी होते. कचेरीत उर्दू नि दुकानात मराठी, अशा दोन भाषा एकाच माणसाच्या तोंडी सुखाने नांदत होत्या.

हिशेबही दुहेरीच होता. निजामाचा हाली रुपया वेगळा, इंग्रजांचा कलदार वेगळा. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. धान्य पायली, शेर, मापटे, चिपटे असे मोजले जाई. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले. तरी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडातून पायली लवकर गेली नाही.

आता दुकानातले शब्द पाहा. दुकान, वजन, बाकी, नफा, हिशेब, जिन्नस, मसाला हे अरबीतून आलेले. तराजू आणि बाजार फारसीतले. गिऱ्हाईक, उधार, माप, मीठ मात्र या मातीतले. 'वजनमाप' या शब्दात अर्धे अरबस्तान आणि अर्धा महाराष्ट्र आहे. 'मीठमसाला' याचीही तीच गोष्ट. शिवाजी महाराजांच्या काळात 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. त्यात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. तिने 'दिनांक', 'महापौर' असे शब्द रूढ केले. पण दुकानाला दुसरे नाव बाजाराने स्वीकारले नाही. माधव जूलियन यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश काढला, त्यातले कितीतरी शब्द वाण्याच्या गल्ल्याजवळ रोज ऐकू येतात. तेव्हा आम्ही मराठी शिकलो हे खरे, पण मराठीनेही आमच्या पूर्वजांच्या भाषांकडून पुष्कळ सौदा नेला आहे. हे खाते दोन्ही बाजूंनी लिहिलेले आहे.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यातल्या मुसलमानांवर जे गुदरले, त्याची नोंद सुंदरलाल समितीने केली. तिचा अहवाल पुष्कळ वर्षे लोकांसमोर आला नव्हता. त्यानंतर राज्य बदलले, कचेरीची भाषा बदलली. अर्ज मराठीत, पावती मराठीत. उर्दू शिकलेली माणसे एका दिवसात निरक्षर ठरली. त्या वेळी हाताशी उरली ती दुकानात शिकलेली मराठी.

आम्ही दुकानाचे नुसते गोडवे गात नाही. मापात पाप होतेच. कुरआनातील 'अल-मुतफ्फिफीन' ही सूरत कमी मापून देणाऱ्यांना इशारा देऊनच सुरू होते. हा रोग किती जुना आहे ते त्यावरून कळते. उधारीने कित्येकांची शेते खाल्ली. आणि यादी सांगणाऱ्या अम्मीला ते दुकान आतून पाहायला क्वचितच मिळे.

तरीही त्या फिरण्यात सुख होते, कारण दुकाने अनेक होती आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. किराण्याच्या दुकानात हिंग, गूळ नि नव्या पोत्याचा मिसळलेला वास. अत्ताराकडे आवाज आपोआप हळू व्हायचा. बागवानाशी घासाघीस केली नाही तर त्यालाच वाईट वाटे. तांबोळ्याकडे पान कमी नि गावच्या खबरी जास्त. आठवडी बाजारात हळकुंड हातावर घासून पारखायचे. (आज त्याच वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.) ईदच्या आदल्या रात्री खारीक, खसखस नि शेवया देणारा दुकानदारच दिवाळीत आमच्या शेजाऱ्यांना रवा-बेसन देई. शीरखुर्म्याला चारोळी किती लागते, हे त्याला अम्मीइतकेच ठाऊक असे.

आता तालुक्याच्या गावीही मोठी दुकाने निघाली. वस्तू पाकिटात, किंमत छापलेली, पैसे मोबाईलवरून. वजनात फसवणूक कमी, बायका स्वतः जाऊन निवडून घेतात; ही सुधारणा आहे, आम्ही तिला नावे ठेवणार नाही. पण तिथे तोंड न उघडता महिन्याचा किराणा घरी येतो. राईची मोहरी करायचे कामच उरत नाही. दोन शेजारी एकमेकांच्या सणाची यादी ऐकत उभे आहेत, असे होत नाही.

म्हणून मुलांना महिन्यातून एकदा तरी कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवावे, यादी कागदावर न देता तोंडी सांगून. ती काय काय विसरतात ते विसरू द्यावे. मराठी तेवढ्यानेही येते.