गिरगावच्या शाळांतली इंग्रजी सर्वनामे

इंग्रजी सर्वनामांचा तक्ता मुंबईतल्या मराठी मुलांनी घोकायला सुरुवात केली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळा तेव्हा चालू झाल्या होत्या आणि १८३२ साली जॉन विल्सन यांनी गिरगावात आंब्रोळीला इंग्रजी शाळा काढली. त्या काळी इंग्रजी व्याकरणाचा मोठा आधार लिंडली मरे यांचा होता. मरे मूळचे अमेरिकेतले वकील, क्वेकर पंथाचे. इंग्लंडात यॉर्कला स्थायिक झाल्यावर तिथल्या एका मुलींच्या शाळेसाठी त्यांनी व्याकरण लिहिले. ते १७९५ साली छापले गेले आणि इंग्रजी जिथे जिथे पोहोचली तिथे तेही पोहोचले.

मरे यांच्या तक्त्यात प्रत्येक पुरुषवाचक सर्वनामाची तीन रूपे आहेत : कर्त्याचे, मालकीचे आणि कर्माचे. इंग्रजी नामांनी विभक्तीची रूपे जवळजवळ टाकून दिली. कर्ता आणि कर्म यांतला भेद उरला तो ‘आय’ आणि ‘मी’, ‘ही’ आणि ‘हिम’ अशा सर्वनामांच्या जोड्यांत. मराठी मुलाला विभक्ती नवी नव्हती. मात्र त्याच्या कानावर पडणारा ‘मी’ मराठीत कर्ता होता आणि इंग्रजीत कर्म, म्हणून पहिली अडचण पहिल्याच ओळीत येई. पुढे लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून गिरणीकामाला आलेली कुटुंबे राहू लागली, तेव्हा तिथल्या मुलांना हीच गोष्ट तीनदा शिकावी लागली : घरात ‘माका’, शाळेच्या पुस्तकात ‘मला’ आणि इंग्रजीच्या तासाला ‘मी’.

दुसऱ्या ओळीत मरे यांनी एकवचनाला ‘दाऊ’ आणि अनेकवचनाला ‘ये’ किंवा ‘यू’ दिले होते. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांना समोरासमोर बसणारी ही जोडी मराठी मुलाला सोयीची वाटावी अशीच होती. पण ती कागदावरच होती. मुंबईतल्या साहेबाच्या रोजच्या बोलण्यातून ‘दाऊ’ केव्हाच गेले होते, ते उरले होते बायबलात, कवितेत आणि मरे यांच्या क्वेकर पंथीयांत. व्यवहारात ‘यू’ एकटेच. घरी आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या मुलाला दोघांसाठी एकच शब्द वापरायचा होता. तृतीय पुरुषातही आदर आडवा येई. गुरुजी ‘ते’ असतात, ‘आले’ असतात. त्यांना इंग्रजीत ‘ही’ म्हणायचे म्हणजे एकेरीवर येणे, आणि ‘दे’ म्हणावे तर एका गुरुजींचे अनेक होत.

या शाळांत शिकलेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी हा सांगाडा मराठीला लावून पाहिला. १८१४ साली मुंबईत जन्मलेले दादोबा बावीस वर्षांचे असताना, १८३६ साली, त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ निघाले. त्याआधी विल्यम केरी यांनी १८०५ साली श्रीरामपूरहून मराठीचे व्याकरण काढले होते, पण ते इंग्रजीत. दादोबांनी मराठी मुलांसाठी मराठीत लिहिले, आणि हा फरक फार मोठा आहे. मांडणीसाठी त्यांच्यापुढे संस्कृत व्याकरण होते तसे मरेही होते. १८५० साली त्यांनी ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती काढली. त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात ते रास्तच आहे. मात्र खुद्द पाणिनीकडे सर्वनामे वेगळ्या कारणाने एकत्र आली होती. तिथे ती ठरावीक शब्दांची यादी आहे, सर्व, विश्व, अन्य यांसारख्या शब्दांची, आणि त्यांना जोडणारा धागा रूपे चालवण्याच्या पद्धतीचा आहे. ‘नामाऐवजी येतो तो शब्द’ ही शाळेतली व्याख्या ग्रीक-लॅटिन व्याकरणातून इंग्रजीत आणि तिथून मराठीत आली.

या चौकटीत मराठीतले बरेच काही नीट बसले, ‘आपण’ मात्र बसला नाही. ‘आपण दादरला जाऊ’ म्हटले की ऐकणाराही बरोबर असतो. ‘आम्ही दादरला जाऊ’ म्हटले की तो मागे राहतो. इंग्रजी ‘वुई’ला हा भेद करता येत नाही. ‘आपण कुठून आलात?’ यात तोच शब्द समोरच्याचा आदर करतो, आणि ‘तो आपण होऊन आला’ यात कर्त्याकडेच वळतो. या शेवटच्या कामात मराठी इंग्रजीपेक्षा काटेकोर आहे. ‘रामने गोविंदाला आपली छत्री दिली’ असे लिहिले की छत्री रामची, यात शंका नाही. इंग्रजी वाक्यातला ‘हिज’ राम आणि गोविंद या दोघांकडेही बोट दाखवतो, आणि तिथे चांगला लेखक नाव पुन्हा लिहून मोकळा होतो. मराठी लेखक मात्र इंग्रजी वाचून वाचून ‘आपली’च्या जागी ‘त्याची’ लिहू लागला आणि हातातली स्पष्टता घालवून बसला. हे नुकसान आजच्या वर्तमानपत्रांत रोज दिसते.

संबंधी सर्वनामांचेही तसेच झाले. मराठीत आधी ‘जो’ येतो, मग त्याला उत्तर देणारा ‘तो’. इंग्रजीत नाम आधी, ‘हू’ किंवा ‘विच’ त्याच्या मागे, आणि उत्तर देणारा कोणी नसतोच. तर्खडकर भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांनी ही उलथापालथ वाक्यागणिक केली. तिचीच सवय जडून ‘तो माणूस, जो काल आला’ अशी वाक्ये मराठी गद्यात रुळली.

१९११ साली मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले आणि आधीच्या व्याकरणकारांची मते त्यात बारकाईने तपासली गेली. इंग्रजीच्या बाजूला मरे यांची जागा पुढे रेन आणि मार्टिन यांनी घेतली. यातले पर्सिव्हल रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते, आणि त्यांची शालेय पुस्तके मुंबईच्या के. अँड जे. कूपर या प्रकाशनाने काढली. त्या परंपरेत माणूस पुरुष की स्त्री हे ठाऊक नसेल तिथे ‘ही’ लिहायचा नियम होता. आता इंग्रजीत अशा जागी एका माणसासाठीही ‘दे’ चालते. मेरियम-वेब्स्टर कोशाने २०१९ साली याच शब्दाला वर्षाचा शब्द ठरवले. मराठीला हा उपाय जसाच्या तसा उचलता येणार नाही. इंग्रजीत लिंगाचा भार मुख्यतः ‘ही’, ‘शी’, ‘इट’ या तिघांवर आहे, तर मराठीत तो क्रियापदावरही पडतो. ‘गेलो’ आणि ‘गेले’ यांतून बोलणारा पुरुष की बाई ते ‘मी’ न उच्चारताही कळते.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. म्हणजे मुलाला ‘वुई’ आधी भेटतो आणि ‘आपण’चे व्याकरण बऱ्याच वर्षांनी, तेही पुरुषवाचक आणि आत्मवाचक अशा दोन वेगळ्या कप्प्यांत. शालेय पुस्तकांनी ‘आपण’ची तिन्ही कामे एका जागी, एकाच धड्यात दाखवावीत, आणि त्या धड्याशेजारी ‘वुई’, ‘यू’ आणि ‘हिज’ ठेवावेत. दोन्ही भाषा त्यातून अधिक चांगल्या येतील.