पन्हाळा ते जिंजी : पिट्ठूत काय नव्हतं

आज मी साक्कोट्टैहून बोलतोय. कुंभकोणमच्या दक्षिणेला तीन-चार किलोमीटरवरचं गाव, अमृतकलशनाथाचं जुनं देऊळ आणि चहूकडे भातशेती. माझी धाकटी बहीण इथल्या तंजावरी मराठी घरात दिलेली आहे.

सकाळी भाच्यानं ओट्यावर सगळं सामान पसरलं होतं. मित्रांबरोबर कोडचाद्रीच्या जंगलात निघालाय, चार दिवस. दोन जीन्स, डबाबंद खाणं, पॉवर बँक, जाड टॉवेल, वासाचा साबण, स्प्रे. मी पिशवी उचलून पाहिली. "किती?" "अठरा किलो असेल, मामा." हा स्वतः साठ किलोचा! लढाईला जाणाऱ्या जवानाच्या पाठीवरही वजनाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त ओझं टाकू नये असा आमच्याकडचा जुना हिशेब. हौशी माणसाला पाचवा हिस्सा पुष्कळ.

पण कोडचाद्री म्हटल्यावर मला दुसरंच काही आठवलं. हा डोंगर शिवमोग्गा जिल्ह्यात, जुन्या बिदनूरच्या, म्हणजे आजच्या नगरच्या मुलखात. याच मुलखातून १६८९ च्या पावसाळ्याअखेर एकोणीस वर्षांचा एक मराठा राजा वेष पालटून गेला होता.

मार्चमध्ये संभाजीराजांची हत्या झाली. ५ एप्रिलला राजाराम महाराज रायगडाबाहेर पडले आणि २६ सप्टेंबरला पन्हाळा सोडून दक्षिणेला निघाले. जिंजी शिवाजी महाराजांनी १६७७ मध्येच घेऊन ठेवली होती. पण तेव्हा ते मोठी फौज घेऊन आले होते, आणि नातं जोडून. इथे मागावर औरंगजेबाची माणसं. म्हणून ठरलं की लिंगायत यात्रेकरूंच्या वेषात जायचं. बरोबर प्रल्हाद निराजी, खंडो बल्लाळ, मानसिंग मोरे, रूपाजी भोसले अशी निवडक मंडळी. राण्या मागे राहिल्या.

आता फौजी नजरेनं बघा. यात्रेकरू म्हटलं की छत्र नाही, अब्दागिरी नाही, नगारा नाही, तंबू नाही. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, खांद्याला झोळी. तुम्ही जो माणूस म्हणून सांगता, त्याच्याकडे जे असतं तेवढंच तुमच्याकडे सापडलं पाहिजे. पाठलाग करणारी औरंगजेबाची छावणी म्हणजे चालतं शहर होतं, आणि हे झोळीवर निघालेले. तुंगभद्रेवर त्यांना गाठलं, लढाई झाली, तरी राजे निसटले. पुढे केळदीच्या राणी चेन्नम्मानं वाट दिली आणि त्यापायी मोगल फौज अंगावर घेतली.

घात झाला तो बंगळूरला. चिटणिसांची बखर सांगते की मुक्कामात राजांचे पाय ऊन पाण्यानं धुताना कुणीतरी पाहिलं. साध्या यात्रेकरूचे पाय असे दुसरा कोण धुतो? बातमी ठाण्यावर गेली. राजे दोन-चार माणसांनिशी पुढे निघाले आणि खंडो बल्लाळ मंडळी मागे थांबून पकडली गेली. मार खाल्ला, छळ सोसला, पण 'आम्ही यात्रेकरू' यापलीकडे शब्द काढला नाही. शेवटी सोडून द्यावं लागलं. राजे ऑक्टोबरअखेर वेल्लूरला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला जिंजीला पोचले. या प्रवासावर केशव पंडितांनी 'राजारामचरितम्' हे संस्कृत काव्य लिहिलं. त्याचं हस्तलिखित मिळालं ते इथून चाळीस किलोमीटरवरच्या तंजावरात, सरस्वती महालात.

पाय धुण्याचा तो प्रसंग मला हसून सोडून देता येत नाही. ईशान्येत मी कॅप्टन होतो. एका पायवाटेवर आमचा छापा लागलेला, तीन रात्री हालायचं नाही. दुसऱ्या पहाटे माझ्या सहायकानं रोजच्या सवयीनं माझ्यासाठी मगभर पाणी तापवायला घेतलं. मी पाहिलं आणि नको म्हणालो नाही. अंग गारठलं होतं, चहा हवासा वाटला. धुराची रेघ झाडांवर गेली. त्या वाटेवर मग कोणी आलंच नाही. आठ दिवसांनी पलीकडच्या वाटेवर दुसऱ्या तुकडीवर गोळीबार झाला आणि एक जवान गेला. त्याचा आणि माझ्या चहाचा संबंध कुणी जोडला नाही. चौकशीतही नाही. मी जोडतो.

असो. भाच्याची पिशवी आम्ही पुन्हा भरली. आधी आत जाड प्लॅस्टिकची पिशवी, कारण तिकडचा पाऊस कुठल्याही कव्हरला जुमानत नाही. जड वस्तू पाठीच्या कण्याजवळ, खांद्यांच्या पातळीला. मोज्यांचे तीन जोड, त्यातला एक फक्त झोपताना, काही झालं तरी ओला करायचा नाही. जळवांसाठी मीठ आणि तंबाखूची पुरचुंडी. डबे काढले, बहिणीनं शंकरपाळे करून दिले. फौजेतही आम्ही शकरपाऱ्यांवरच दिवस काढलेत. मग त्याला पिशवीसकट उडी मारायला लावली. आत मग खडखडला, त्यात मोजे कोंबले.

साडेअकरा किलो भरली. वासाचा साबण त्यानं दोनदा आत टाकला, मी दोनदा काढला.

"मामा, तिथे माझ्या मागावर कोण आहे?"

"कोणी नाही रे," म्हटलं, आणि साबण बहिणीच्या हातात दिला. त्याची गाडी रात्रीची आहे. नगरचा किल्ला पाहून फोटो पाठवीन म्हणालाय.