परक्याचे आकडे, स्वतःचा प्रश्न : दादाभाई नौरोजी ते सखाराम गणेश देउस्कर

१९१० साली बंगाल सरकारने ‘देशेर कथा’ या बंगाली ग्रंथावर बंदी घातली. १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे लेखक सखाराम गणेश देउस्कर (१८६९–१९१२) यांची मातृभाषा मराठी होती. देवघरजवळच्या करौं या गावी, म्हणजे आजच्या झारखंडमध्ये, त्यांचा जन्म झाला आणि कलकत्त्याच्या ‘हितवादी’ या पत्राचे संपादक म्हणून ते ओळखले गेले. बंगालच्या साहित्येतिहासात त्यांचे नाव येते ते बहुधा स्वदेशीच्या काळातील एक ओजस्वी गद्यकार म्हणून, किंवा त्यांच्या शिवाजीविषयक पुस्तिकेच्या निमित्ताने रवींद्रनाथांनी ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली, या संदर्भात. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे. ‘देशेर कथा’तील आर्थिक प्रतिपादन ज्या आकड्यांवर उभे आहे, त्यांतील बहुतेक आकडे मुळात सरकारने जमवले, सरकारनेच छापले आणि मग दादाभाई नौरोजी, विल्यम डिग्बी, रमेशचंद्र दत्त यांच्या हातून देउस्करांपर्यंत आले. जी सामग्री अहवालात निरुपद्रवी होती ती बंगाली गद्यात आक्षेपार्ह का ठरली, या प्रश्नाचे उत्तर केवळ शैलीत शोधून भागणार नाही. त्यासाठी दुसऱ्याने दुसऱ्या हेतूने जमवलेल्या माहितीवर स्वतःचे संशोधन उभारण्याची जी पद्धती भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडली, तिच्याकडे वळावे लागते.

या पद्धतीचा पहिला पूर्णत्वास गेलेला प्रकल्प म्हणजे दादाभाईंचा ‘पॉव्हर्टी ऑफ इंडिया’ हा निबंध. १८७६ मध्ये तो ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे वाचला गेला आणि पुढे १९०१ च्या ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’ या ग्रंथात समाविष्ट झाला. दादाभाई एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते, हे सर्वांना ठाऊक असते. १८५५ पासून ते लंडनमध्ये कामा यांच्या पेढीत भागीदार होते आणि १८५९ मध्ये त्यांनी स्वतःची व्यापारी पेढी काढली, ही गोष्ट मात्र त्यांच्या लेखनाच्या चर्चेत क्वचितच येते. वस्तुतः त्यांच्या निबंधाची घडण समजून घ्यायची तर गणितज्ञाइतकेच कापसाच्या व्यापाऱ्याकडेही पाहावे लागते.

प्रकल्पाची आखणी वरवर पाहता साधी आहे. देशाचे एकूण वार्षिक उत्पन्न किती, आणि ते माणशी किती पडते, एवढाच प्रश्न. स्वतः गावोगाव हिंडून पाहणी करण्याचे साधन एका खाजगी माणसाकडे नव्हते. म्हणून प्रांतोप्रांतीचे प्रशासन अहवाल घ्यावयाचे, त्यांतून मुख्य पिकांखालील क्षेत्र, दर एकरी उत्पादन आणि बाजारभाव काढावयाचे, त्यांचा गुणाकार करून प्रांताची बेरीज मांडावयाची, आणि शेवटी मीठ, अफू, कोळसा, कारागिरी यांची भर घालावयाची. १८६७ ते १८७० या वर्षांसाठी ही बेरीज ३४ कोटी पौंड झाली. लोकसंख्या १७ कोटी. माणशी ४० शिलिंग, म्हणजे तेव्हाच्या दराने २० रुपये.

हा २० रुपयांचा आकडा प्रसिद्ध झाला. तो मिळवताना केलेले काम तितके प्रसिद्ध झाले नाही. अहवाल हाताशी आले म्हणजे माहिती हाती आली, असे दादाभाईंनी मानले नाही. सरकारी सरासरी कशी काढली जाते, हे त्यांनी तपासले आणि तिच्यातील एक मूलभूत दोष उघडकीस आणला. जिल्ह्याजिल्ह्याचे दर एकरी उत्पादन एकाखाली एक मांडून, त्यांची बेरीज जिल्ह्यांच्या संख्येने भागली जात असे. कोणत्या जिल्ह्यात ते पीक किती एकरांवर आहे, याचा विचारच नसे. समजा, एका जिल्ह्यात दहा लाख एकरांवर दर एकरी ८०० पौंड भात होतो आणि दुसऱ्यात एक लाख एकरांवर ४०० पौंड. अहवालाच्या रीतीने सरासरी ६०० येईल. क्षेत्राचा हिशेब धरला तर ती सुमारे ७६४ येते. किमतींच्या बाबतीतही हाच घोटाळा होता. दादाभाईंनी मध्य प्रांताच्या अहवालावरून हा दोष दाखवला आणि आपले कोष्टक क्षेत्राच्या प्रमाणात नव्याने मांडले. येथे एक बारीक गोष्ट नजरेतून सुटू नये. अशा दुरुस्तीने एकरी उत्पादनाचा आकडा वाढू शकतो, म्हणजे ती दारिद्र्याच्या प्रतिपादनाला प्रतिकूल ठरू शकते. ती टाळणे सोपे होते, आणि कोणाच्या लक्षातही आले नसते.

बंगालच्या बाबतीत तर अडचण याहून मोठी होती. कायमधाऱ्याच्या पद्धतीमुळे सरकारला तेथील पिकांची नोंद ठेवण्याची निकड नव्हती, आणि त्यामुळे अहवालात लागवड, उत्पादन, भाव यांची उपयुक्त माहितीच नव्हती. ज्या प्रांतात पुढे हे आकडे सर्वांत तीव्रतेने वाचले गेले, नेमक्या त्याच प्रांताचा रकाना दादाभाईंना शेजारच्या प्रांताच्या आधारे अनुमानाने भरावा लागला. त्यांनी ते लपवले नाही. दुय्यम सामग्रीत माहिती कोठे आहे हे जितके बोलके असते, तितकेच ती कोठे नाही हेही बोलके असते. कारण नोंद ठेवणाऱ्याला ज्याची गरज नाही ते नोंदवले जात नाही.

तरीही केवळ २० रुपये म्हटल्याने काहीच सिद्ध होत नाही. हे उत्पन्न पुरेसे की अपुरे, हे ठरवायला दुसरे माप हवे. दादाभाईंच्या कल्पकतेचा खरा पुरावा या मापात आहे. त्यांनी त्याच प्रशासन अहवालांतील तुरुंगविषयक प्रकरणे उघडली आणि कैद्याच्या अन्नवस्त्रावर दरवर्षी होणारा खर्च प्रांतवार काढला. परदेशी जाणाऱ्या मजुरांसाठी सरकारनेच ठरवलेला शिधाही त्याच्या जोडीला मांडला. अनेक प्रांतांत माणशी उत्पन्न कैद्याच्या खर्चाला पुरे पडत नव्हते. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने तो हिशेब ठेवला होता तो आपली खरेदी वाजवी आहे हे दाखवण्यासाठी. शेतीच्या रकान्याशेजारी तो रकाना ठेवताच त्याचा अर्थ पालटला. एकही नवा आकडा न जमवता नवे ज्ञान निर्माण झाले ते या शेजारामुळे.

व्यापाराच्या आकड्यांचे वाचन हा या निबंधाचा सर्वांत समृद्ध भाग, आणि पेढीवरचा अनुभव कामी आला तो येथेच. सीमाशुल्क खात्याच्या नोंदीत निर्यातीची किंमत हिंदुस्थानच्या बंदरावरील भावाने लागते. माल परदेशी विकला जाईपर्यंत त्यात वाहतूक, विमा आणि व्यापाऱ्याचा नफा मिळालेला असतो. म्हणून सुदृढ व्यापार करणाऱ्या देशाकडे निर्यातीच्या नोंदलेल्या किमतीहून अधिक किमतीची आयात परत यायला हवी. हिंदुस्थानच्या बाबतीत उलट घडत होते. आयात निर्यातीहून कमी होती. सरकारी भाष्यकार हे ‘अनुकूल’ व्यापारशेषाचे लक्षण मानीत. दादाभाईंनी निर्यातीवर शेकडा १५ नफा गृहीत धरून दाखवले की, तूट दिसते त्याहून बरीच मोठी आहे आणि तिचे नाव अनुकूलता नव्हे, निचरा आहे. संपत्तीच्या निचऱ्याचा सिद्धान्त राजकीय रोषातून जन्मला, असे समजण्याची सवय आहे. प्रत्यक्षात त्याचा एक पाय जहाजावर चढवलेल्या मालाच्या बिलावर रोवलेला होता.

इंडिया ऑफिसमधून एफ. सी. डॅन्व्हर्स यांनी या मांडणीला उत्तर दिले आणि १८८० च्या सुमारास दोघांत दीर्घ पत्रव्यवहार झाला. डॅन्व्हर्स यांचा एक मुद्दा असा की, रेल्वेने माल दूरवर नेल्याने जे मूल्य वाढते ते दादाभाईंनी धरलेले नाही. त्यावर दादाभाईंचे म्हणणे होते की, गहू एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेल्याने देशातील गव्हाचा एक दाणाही वाढत नाही. आजच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या शास्त्रात सेवांचे मूल्य धरले जाते, त्यामुळे या एका बाबतीत डॅन्व्हर्स यांची बाजू बळकट दिसते, हे मान्य करायला हवे. मात्र वाद होऊ शकला, तो ओळ-ओळ धरून होऊ शकला, याचे श्रेय दादाभाईंच्या मांडणीला आहे. त्यांनी बेरजेच्या पायऱ्या उघड्या ठेवल्या होत्या.

त्याच प्रकारच्या सामग्रीतून सरकारी अंदाजही निघाले. १८८२ मध्ये एव्हलिन बेअरिंग आणि डेव्हिड बार्बर यांनी माणशी २७ रुपये हा आकडा काढला. शेतीचे उत्पन्न ३५० कोटी रुपये धरून, बिगरशेती उत्पन्न त्याच्या निम्मे, म्हणजे १७५ कोटी, असे त्यांनी ठरवले. या ‘निम्मे’ला आधार अनुमानाचाच होता. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी ३० रुपये सांगितले आणि देश पुढे सरकल्याचा दाखला म्हणून २७ व ३० शेजारी ठेवले. डिग्बी यांचा अंदाज याच्या कितीतरी खाली होता. येथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दादाभाईंच्या काळी रुपया दोन शिलिंगांचा होता. चांदी घसरली, आणि शतकाच्या अखेरीस तो एक शिलिंग चार पेन्सवर स्थिर करण्यात आला. कर्झन यांचे ३० रुपये या नव्या दराने बरोबर ४० शिलिंग होतात. म्हणजे रुपयांत पाहिले तर दीडपट वाढ, आणि पौंडांत पाहिले तर तीस वर्षांत एका पेन्सचाही फरक नाही. रुपयातील तुलना भाववाढ झाकते, पौंडातील तुलना चांदीच्या घसरणीला दारिद्र्याचे नाव देते. दोन्ही एकांगी आहेत. आकड्याबरोबर त्याचे वर्ष, त्याचे चलन आणि त्याची व्याख्या प्रवास करत नसेल तर त्याच आकड्यावरून परस्परविरुद्ध दोन कथा सांगता येतात.

हा प्रवास देउस्करांपर्यंत कसा आला? पुण्यात १८७८ पासून सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात न्यायमूर्ती रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी सरकारी निळ्या पुस्तकांचे बारकाईने वाचन करण्याची परंपरा रुजवली. जोशी सरकारी शाळेत शिक्षक होते. नोकरी सांभाळून त्यांनी केलेले हे काम अजून पुरेसे अभ्यासले गेलेले नाही. पण हे सारे लेखन इंग्रजीत होते आणि त्याचा कल्पित वाचक पुष्कळदा सरकारच असे. निवेदन, अर्ज, साक्ष यांची ती भाषा होती. देउस्करांनी वाचक बदलला. देवघरच्या शाळेतील माजी शिक्षक आणि कलकत्त्याचा पत्रकार म्हणून जो वाचक त्यांना ठाऊक होता, त्याला प्रशासन अहवाल कधी पाहायला मिळणार नव्हता. कोष्टकातील रकाना विणकराच्या मागाची, बुडालेल्या धंद्याची, रिकाम्या बाजारपेठेची कथा होऊन त्याच्यापुढे आला. ग्रंथाच्या नावातील ‘कथा’ या शब्दाचा बंगालीत ‘गोष्ट’ असाही अर्थ होतो आणि ‘बोलणे’ असाही.

या रूपांतरात काही हरवले. दादाभाईंचे ‘असे गृहीत धरले तर’, बंगालच्या रकान्याखालची त्यांची कबुली, पायाभूत वर्षांची मर्यादा, ही सर्व सावधगिरी अहवालापासून जितके दूर जावे तितकी विरळ होत जाते. १८६७–७० चे २० रुपये सभांतून आणि वृत्तपत्रांतून कालनिरपेक्ष सत्य म्हणून वावरू लागले. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने हा दोष एका लेखकाच्या पदरी टाकू नये. अनुवादात प्रतिमा जशी बदलते तसाच आकडाही बदलतो. परंतु या रूपांतरात जे मिळाले तेही मोजले पाहिजे. अहवाल वाचणाऱ्याला प्रश्न पडत होता की उत्पन्न किती. ‘देशेर कथा’ वाचणाऱ्याला प्रश्न पडला की हे असे का. सरकारची हरकत आकड्यांना नव्हती, या दुसऱ्या प्रश्नाला होती.

१९०७ च्या सुरत अधिवेशनानंतर ‘हितवादी’तून टिळकांविरुद्ध लिहिण्याचा आग्रह झाला तेव्हा देउस्करांनी संपादकपद सोडले. बंदीनंतर दोनच वर्षांनी, १९१२ मध्ये, ते निवर्तले. ग्रंथ हिंदीत ‘देश की बात’ या नावाने गेला, आणि हिंदीत आणणाऱ्यांपैकी एक होते बाबूराव विष्णु पराडकर : बनारसमध्ये जन्मलेले, मराठी घरातले, देउस्करांचे भाचे आणि पुढे १९२० मध्ये निघालेल्या ‘आज’ या दैनिकाचे नामवंत संपादक. गावच्या पटवाऱ्याने महसुलासाठी लिहिलेली नोंद प्रांताच्या अहवालात इंग्रजी झाली, मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याने तिची सरासरी दुरुस्त केली, देवघरच्या मराठी माणसाने ती बंगालीत सांगितली आणि बनारसच्या मराठी माणसाने हिंदीत. ज्या पटवाऱ्याच्या वहीपासून ही साखळी सुरू झाली, त्याच्या गावात आता ती हिंदीत वाचता येत होती. १९१० नंतर मात्र लपून.